सरकी आणि तिसरी हाक

बेल्याचं ऊन ज्यानं खाल्लं नाही त्यानं माझ्या कवितेवर बोलू नये, असं मी एकदा आदिलाबादच्या कविसंमेलनात म्हणालो आणि कवितेपेक्षा जास्त टाळ्या त्याच वाक्याला घेतल्या. बेला हे आमचं गाव, आणि तिथलं ऊन म्हणजे कसं, तर मे महिन्यात आमच्याकडे कावळे उडत नाहीत, एकमेकांच्या सावलीतून रांगेनं पायी जातात. मोटारसायकलच्या सीटवर भाकर शेकून घेणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. भाजी तेवढी तो घरून आणायचा. बेज्जूरच्या जंगलात मी माझी एक दीर्घ कविता मोठ्यानं म्हटली तेव्हा त्या भागातला वाघ प्राणहिता पोहून पलीकडे गेला तो परत आलाच नाही, हेही खरं. पुढे जे सांगणार आहे त्यात मात्र मी काहीच वाढवलेलं नाही. वाढवायची गरज पडली नाही.

मी तहसील ऑफिसात नोकरीला आहे. प्रिंटरमधून चुकून निघालेले पहाणीचे, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्याचे, पाठकोरे कागद रद्दीत जातात, त्यांच्यावर मी कविता लिहितो. म्हणजे माझ्या प्रत्येक कवितेच्या मागे कुणाची तरी जमीन असते. लिहिलेला कागद घेऊन मी जायचो तो एकाच ठिकाणी, माझ्या दोस्ताच्या कापसाच्या दुकानात. मी त्याला शेट म्हणायचो, कारण तो शेट नव्हता. बेल्याच्या रस्त्यावर एक लहानसं दुकान, मागे गोदाम, गोदामाला लागून घर. खेड्यांतून बैलबंड्या यायच्या, हा मुठीत कापूस घेऊन धागा ओढून पाहायचा आणि भाव सांगायचा. हंगामात दुकानात कापूस इतका उडायचा की काळ्या केसांचा माणूस आत जाऊन पांढऱ्या केसांचा बाहेर यायचा. त्यात दोनेक लग्नं मोडली.

कविताही तो तशीच तपासायचा. कागद गल्ल्याच्या फळीवर सपाट पसरायचा. पंखा बंद करायचा. मग खिशातल्या सरक्यांमधली एकेक सरकी काढून, जो शब्द नको त्याच्यावर ठेवायचा. बोलायचा नाही. सरकीला बारीक तंतू चिकटलेले असतात, ती कागदावर पाय रोवून बसते.

"कापूस पाह्यजे तं सरकी काढा लागते," एवढंच त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं. "वजन सरकीचंच असते, गड्या. म्हणून ते ठेवाव वाटते."

पंखा बंद असल्यामुळे माझ्या कविता आखूड झाल्या. समीक्षक याला संयम म्हणतात. बेल्याच्या मे महिन्यात पंख्याशिवाय चौदा ओळींच्या वर कुणीही वाचू शकत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

त्याची आणखी एक अट होती. काढलेल्या ओळीची जागा पुढच्या खर्ड्यात मी रिकामी सोडायची, खालची ओळ वर ओढायची नाही. दात पडल्यावर जीभ जशी त्या खळग्यात जाते तशी नजर तिथं जाऊ दे, म्हणायचा. जाऊन जाऊन थकली की मग बुजव. माझे खर्डे त्यामुळे माझ्या मावशीच्या तोंडासारखे दिसत.

दुसरी वाचक त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. त्या कागद पाहायच्या नाहीत. पडद्याआड ज्वारीच्या भाकरी थापायच्या आणि मी बाहेर मोठ्यानं कविता म्हणायचो. थप् थप् थप् थप्. ज्या ओळीला ती थाप थांबेल ती ओळ जगली. पूर्ण कविता संपून थाप एकदाही थांबली नाही, असंही पुष्कळदा झालं. तेव्हा आतून आवाज यायचा, "भाऊजी, भाकरी झाल्या. कविता व्हाची हाये." माझी स्वतःची बायको माझ्या कविता ऐकत नाही. घरात एकानं तरी शुद्धीवर असावं, असं तिचं म्हणणं आहे.

आता ती एक कविता.

आमच्या भागात भर दुपारी शेतात कुणी नावानं हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत. पहिलीला नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतोच. जे माणूस नसतं ते दोनदाच मारतं. ओ दिली की घेऊन जातं, असं म्हणतात. कुठे, ते कुणी सांगत नाही, कारण सांगायला कुणी आलेलं नाही.

आम्ही दोघं कॉलेजात असताना त्याच्या शेतात कापूस वेचत होतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीइतकी होती. वारा नव्हता. मला माझं नाव ऐकू आलं. मी वाकलेलाच राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा आलं, आणि मग काहीच नाही. मी मान वळवली तर शेजारच्या ओळीत तोही वाकलेलाच, बोंड बोटांत तसंच धरलेलं.

"तुले मारली ना हाक?" त्यानं विचारलं.

"हो. तुला कसं कळलं? तू ऐकलीस?"

"मी माह्यं नाव आयकलं," तो म्हणाला.

आमची नावं एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत. हाक एकच होती, आणि दोघांनी आपापलं नाव ऐकलं होतं. बांधावर जाऊन आम्ही पाणी प्यालो. तिसरी हाक त्या दिवशी आली नाही. तेव्हापासून दुपारी कुणाच्याही तिसऱ्या हाकेशिवाय तो ओ देईना, अगदी बायकोच्या सुद्धा. वहिनी काही नवऱ्याचं नाव घेत नसत. जेवायला बोलवायचं तर "आयकलं काऽ" एवढंच. तरी हा गप्प. "तीन डाव घसा कोरडा केल्याबिगर या मानसाले भूक लागत नाई," असं त्या चारचौघांत सांगायच्या, आणि तो म्हणायचा, "दुपारच्याले बाईच्या आवाजात काय येईन, काही सांगता येते का?"

त्या हाकेची कविता मी वर्षानुवर्षं लिहीत होतो. पहिल्या खर्ड्यात 'मध्यान्हीचं मौन' होतं, 'जन्मांतरीची ओळख' होती. त्यानं इतक्या सरक्या ठेवल्या की कागद पेरल्यासारखा दिसू लागला. "मौन अन् जन्म एका कागदावर भेटले," तो म्हणाला, "की समजाचं, कवी जेवून निजला होता." पुढच्या खर्ड्यांत मी हाक मारणाऱ्याला तोंड देत गेलो. एकदा मेलेली आजी, एकदा म्हातारपणीचा मी स्वतः. दरवेळी सरकी नेमकी त्याच्यावरच. "कोन हाक मारते हे तुले ठाऊक असतं तं तू कविता काऊन लिहिली असती? पंचनामा लिहिला असता."

शेवटी उरलं ते इतकंच:

दुपार.
पऱ्हाटीतून माझं नाव आलं.
मी वाकलेलाच राहिलो.

पुन्हा आलं.
बोंड बोटांत तसंच.
तिसऱ्यांदा आलं.

मध्ये एक रिकामी जागा होती, काढलेल्या ओळीची. भांडण मात्र शेवटच्या ओळीवर चालायचं. तो तिच्यावर सरकी ठेवायचा, मी उचलायचो. "तिसरी आलीच नाई, तं लिहितो काऊन?" मी म्हणायचो, कवितेत यायला पाहिजे. तो पुन्हा ठेवायचा. हे असं किती काळ चाललं ते विचारू नका. त्या ओळीवरची शाई सरकीनं पुसट झाली होती.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो गोदामात पडला. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भर दुपारी त्याला नावानं दोनदा हाक मारली, तोंडापुढे बोट हलवलं, आणि समज राहिली नाही असं लिहून टाकलं. मी वहिनींना म्हणालो, "दोनदाच मारली, आणि तीही दुपारी! निरोगी असता तरी यानं ओ दिली नसती!" त्या हसल्या नाहीत.

घरी आणल्यावर त्याला दुकानातल्या खुर्चीत बसवू लागले. डावा हात चालायचा. डोळे उघडे, पण आपल्याकडे पाहताना ते आपल्या मागच्या कुणाला तरी पाहत आहेत असं वाटायचं. मी तर चक्क वळून पाहायचो. कापूस संपला होता, गोदाम रिकामं. दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात उरलेसुरले तंतू तरंगायचे, खाली काही बसायचे नाहीत.

त्याची मुलगी नागपूरला नोकरीत आहे. तिनं ठरवलं होतं की अक्षय्य तृतीया झाली की दोघांना घेऊन जायचं, दुकान एका खतवाल्याला भाड्यानं द्यायचं. पोरीचं काही चूक नव्हतं. वहिनींनी एक दिवस मला पडद्याजवळ बोलावलं.

"भाऊजी, तुमी लई खोटं बोलता."

"वहिनी, सकाळी सकाळी—"

"आयका. बोलन्यात खोटं बोलता. कवितेत ते बोलू देत नव्हते तुमाले. म्हणून तुमालेच इचारते. ते आत हायेत का? आत असन तं नागपूरच्या तिसऱ्या माळ्यावर चार दिवसांत मरतीन, मी नेनार नाई. नसन तं मंग काय, खुर्ची इथं काय अन् तिथं काय."

माझ्याजवळ त्याच्याशी बोलायचा एकच रस्ता होता. दुसऱ्या दिवशी मी कवितेची नवी प्रत केली, पाठकोऱ्या कागदावर, रिकाम्या जागेसकट. फळीवर पसरली. पंखा बंद केला. त्याच्या डाव्या हाताजवळ सरक्या ठेवल्या.

बराच वेळ काही झालं नाही. घामाचा थेंब माझ्या नाकावरून कागदावर पडला. मग तो हात निघाला. स्वतःचा नसल्यासारखा, फळीवरून सरकत सरकत. सरकी चिमटीत धरली आणि कोऱ्या कागदावर ठेवली, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा मला रडू आलं, कारण मला वाटलं हात भरकटला. नको असलेल्या शब्दावर ठेवायची सरकी कोऱ्या जागेवर ठेवली, म्हणजे डॉक्टरचं खरं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम नवी प्रत नेली, सरक्याही बदलल्या. हात आला, पुन्हा तिथेच, त्याच कोऱ्या जागेवर. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला: हा रिकामी जागाच काढायला सांगतो आहे. म्हणजे तिथं जे होतं ते परत आण.

तिथं काय होतं ते मला आठवेना. जुने खर्डे मी ठेवत नाही. वहिनी मात्र ते फडताळात डब्यांखाली अंथरत आल्या होत्या. त्यांनी हळदीचा डबा उचलला, मिठाची बरणी उचलली, आणि जिऱ्याच्या डब्याखालून पिवळा पडलेला एक कागद काढून मला दिला. त्यावर ती ओळ होती: 'पायाखालची सावली आवळली.' तिच्यावर सरकी त्यानंच ठेवली होती एके काळी. फळीवरच्या कागदावर, त्याची सरकी होती त्याच जागी, मी ती पुन्हा लिहिली. त्याचा हात आला, त्यानं आपली सरकी उचलली आणि खिशात टाकली. ओळ मंजूर झाली की तो हेच करायचा.

मी टाळ्या वाजवत आत गेलो. "वहिनी, आहे! आत आहे!"

त्या चुलीकडे पाहत राहिल्या. "माशी बसली तं गाय बी शेपूट हालवते, भाऊजी. हाताची सवय असन."

पण त्याच दिवशी, मी कागद गुंडाळायला लागलो तेव्हा हात पुन्हा निघाला. यावेळी खाली गेला. मला वाटलं, आता 'तिसऱ्यांदा आलं' वर ठेवणार, नेहमीचं भांडण. तर नाही. ती ओळ त्यानं ओलांडली. तिच्याही खाली, जिथं कविता संपते आणि नुसता कागद राहतो, तिथं सरकी ठेवली. आणि हात तिथेच ठेवला.

मी फडताळातले सगळे खर्डे पाहिले. एकाही कागदावर त्या जागी कधीच काही नव्हतं. मी मनानं लिहून पाहिलं. 'आजी' लिहिलं, त्यानं त्याच्यावर सरकी ठेवली. 'मी' लिहिलं, सरकी. एक छानशी उपमा लिहिली, तिच्यावर तर त्यानं दोन ठेवल्या. तेवढ्यापुरता तो मला अगदी पूर्वीसारखा वाटला. मुलगी दुसऱ्या दिवशी येणार होती. पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या.

मी वहिनींना सांगितलं, "तिसऱ्या हाकेवर आता त्याचं भांडण नाही. तिच्या खाली काहीतरी मागतो आहे. आयुष्यभर म्हणत आला, तिसरी आलीच नाही. आता मान्य कसं केलं?"

वहिनींच्या हातातलं पीठ खाली पडलं.

"ते पडले त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "मी जेवाले बलावून राह्यली होती. येक डाव बलावलं. दुसऱ्या डाव बलावलं. तव्यावर भाकर होती, म्हटलं उलथते अन् मंग तिसऱ्यानं बलावते. मी भाकर उलथलीच नाई, तं गोदामातून ते 'ओ' म्हणले."

"मग?"

"मंग काय? धप्पकन आवाज झाला." त्या माझ्याकडे पाहत होत्या. "भाऊजी, मी दोनच हाका मारल्या होत्या. तिसरी माही नव्हती."

बाहेर ऊन रणरणत होतं. गोदामाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. खरं सांगतो, रिकाम्या गोदामात एवढा शांतपणा नसतो. उंदीर असतो, पत्रा तापून कडकडतो. तिथं कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखं होतं.

"मंग मी त्याईले हाकच मारली नाई," वहिनी म्हणाल्या. "कोन ओ देईन, याचं भेव वाटते."

मी दुकानात आलो. तो खुर्चीत तसाच, बोट सरकीजवळ. मी पेन काढलं आणि त्या सरकीखाली, कागदावर, एकच अक्षर लिहिलं:

ओ.

त्यानं सरकी उचलली नाही. वरही पाहिलं नाही. मग मला सुचलं की अजून ही कविता या रूपात दुसऱ्या वाचकानं, म्हणजे वहिनींनी, ऐकलेली नाही. मी मोठ्यानं म्हणायला लागलो. आत थाप चालू झाली होती, उरलेल्या पिठाची. थप् थप्. दुपार. थप्. पऱ्हाटीतून माझं नाव आलं. थप् थप्. सावली आवळली, तेव्हा थाप हळू झाली. 'तिसऱ्यांदा आलं' म्हटलं आणि ती थांबली. मी तोंड मिटलं. 'ओ' मी म्हटलं नाही. माझ्या जिभेचं धाडस झालं नाही, आणि ही जीभ किती चालते ते आपण वर पाहिलंच आहे.

पडदा हलला. वहिनी पिठाच्या हातांनी दारात उभ्या राहिल्या.

"आयकलं काऽ," त्या म्हणाल्या.

तंतू उन्हात तरंगत होते.

"आयकलं काऽऽ."

आणि मग, उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. नवऱ्याचं नाव घेतलं. मोठ्यानं, पूर्ण, शेतातून शेतात मारतात तशी हाक. ते नाव मी इथं लिहीत नाही. ती हाक त्यांची होती.

"ओ."

आवाज त्याचा होता. आजारापूर्वीचा, भरदार, जरासा वैतागलेला, जेवायला उशीर झाल्यासारखा. आला तो गोदामातून. मी त्याच्या तोंडाकडेच पाहत होतो. ओठ मिटलेले होते.

वहिनी गोदामाच्या दाराशी गेल्या. आत पाहिलं. काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दार त्यांनी लावून घेतलं नाही. उलट पूर्ण उघडलं, येणाऱ्याला वाट द्यावी तसं. मी फळीकडे वळलो तेव्हा त्यानं सरकी उचललेली होती. खिशात टाकत होता. आणि तो माझ्याकडे पाहत होता, माझ्या मागे नाही.

वहिनींनी पिठाच्याच हातानं मुलीला फोन लावला. "नोको येऊ, बाई. हायेत ते. घरीच हायेत." पिशव्या आत नेल्या.

कविता छापून आली. शेवटचं अक्षर काढावं, असं एका संपादकानं कळवलं होतं. मी त्याला लिहिलं, बेल्याला या आणि स्वतः काढा. मी अजून दुकानात जातो, पंखा अजून बंद होतो, सरक्या अजून पडतात, पूर्वीपेक्षा जास्तच. दुपार झाली की वहिनी पडद्यातून दोनदा 'आयकलं का' म्हणतात आणि तिसऱ्यांदा नाव घेतात. गोदामातून ओ येते. मग त्या ताट आणून खुर्चीपुढे ठेवतात, आणि तो डाव्या हातानं जेवायला लागतो.